माळव्याच्या काळ्या मातीत कोनफ्लॉवरचे झाड केव्हा फुलते आणि कशाने मरते

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात तुम्ही जे विचारले आहे त्यापेक्षा ओघात जे सांगून टाकले आहे तेच अधिक महत्त्वाचे आहे. प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला राजेंद्र नगरच्या पुढे नवे घर आहे, दक्षिण-पश्चिमेला बारा फूट बाय सहा फुटांची दिवसभर उन्हाची जागा आहे, आणि तेथे दरवर्षी नव्याने लावावी लागणार नाहीत अशा फुलझाडांचा वाफा करायचा आहे. गेल्या ऑक्टोबरात तुम्ही जांभळ्या कोनफ्लॉवरची नऊ रोपे लावली. त्यासाठी दीड-दीड फुटाचे खड्डे घेऊन त्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत भरले. हिवाळाभर पाने हिरवीगार राहिली, पण फूल एकही आले नाही, म्हणून जानेवारीत डीएपी (नत्र आणि स्फुरद असलेले रासायनिक खत) आणि मोहरीच्या पेंडीचे पाणी दिले. मे महिन्यात मोजून चार फुले आली, तीही फिकट, आणि जुलैच्या मध्यापर्यंत आठ झाडे गेली. पाकिटावर तर ‘भरपूर ऊन, कमी पाणी, वर्षानुवर्षे टिकणारे’ असे लिहिलेले होते. तेव्हा खत कमी पडले की ऊन जास्त झाले, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते दोन्ही नाही. येथे दोन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. फूल उशिरा आणि थोडे येण्याचे कारण दिवसाच्या लांबीत आहे, आणि झाड मरण्याचे कारण पावसाळ्यात मुळांशी साचणाऱ्या पाण्यात आहे. पहिलीवर उपाय म्हणून तुम्ही जे खत दिले त्याने दुसरी अडचण वाढली असावी. मी इंदुरात गेली सोळा-सतरा वर्षे घरच्या छोट्या रोपवाटिकेत बहुवर्षायू फुलझाडे वाढवते आहे. कोनफ्लॉवरची पहिली तीन वर्षांची झाडे माझीही पावसाळ्यातच गेली, त्यामुळे तुमची निराशा मला चांगली कळते.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, हे आधी सांगून ठेवते. इंदुरात सगळीकडे माती सारखी नाही. काही वसाहतींत हात-दोन हात काळी चिकण माती लागते, तर काही ठिकाणी अर्ध्या फुटाखाली मुरूम लागतो. मुरूम जवळ असेल तर पुढे सांगितलेला उपद्व्याप निम्म्याने कमी होतो. घर नवे असेल तर त्या जागी बांधकामाचा राडारोडाही पुरलेला असू शकतो. म्हणून काहीही विकत आणण्याआधी एकदा खोल खणून पाहा.

आता हे झाड मूळचे कुठले, ते पाहू. जांभळा कोनफ्लॉवर, म्हणजे एकिनेशिया पुरपुरिया, हा अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातला रहिवासी आहे. तो गवताळ माळांवर उगवतो, तसाच विरळ जंगलांच्या कडेला आणि झुडपांमध्येही उगवतो. मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहराकडे पाहिले तर वर्षाचा पाऊस साधारण चाळीस इंच असतो, म्हणजे आपल्या इंदूरच्या पस्तीस-अडतीस इंचांपेक्षा फार वेगळा नाही. फरक वाटणीत आहे. तिकडे तो बारा महिन्यांत विभागून पडतो. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत जवळजवळ सगळाच पडतो, आणि तोही अशा मातीवर की जी एकदा भिजली की आठवडाभर पाणी सोडत नाही. ‘डग डग नीर’ म्हणून माळव्याचे कौतुक होते ते गव्हासाठी योग्यच आहे, पण या झाडाला पावलोपावली पाणी नको असते.

पाकिटावरच्या ‘कमी पाणी’ या शब्दांतही एक गफलत आहे. एकिनेशियाच्या ज्या जाती खऱ्या अर्थाने दुष्काळ सोसतात, म्हणजे अँगुस्टिफोलिया, पॅलिडा आणि पिवळ्या फुलांची पॅराडॉक्सा, त्यांना खोल जाणारे सोटमूळ असते. आपण लावतो त्या पुरपुरियाची मुळे तंतुमय असतात आणि वरच्या फूटभर मातीतच पसरतात. म्हणून ती दुष्काळ थोडाफार सोसते, पण भर मे महिन्यात पंधरा दिवस पाणी दिले नाही तर मान टाकते. आणि तिची मुळे वरच्या थरातच असल्यामुळे पावसाळ्यात सगळ्यात आधी तीच बुडतात.

फुलांचा प्रश्न मला स्वतःला सुटायला बरीच वर्षे लागली, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. आपण ऑक्टोबरात पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंडुला लावतो आणि फेब्रुवारीत बाग भरून जाते. त्या सवयीने कोनफ्लॉवरही फेब्रुवारीत फुलेल असे वाटते. पण हे झाड फुलण्यासाठी दिवसाची लांबी पाहते. साधारण तेरा ते पंधरा तासांचा दिवस असेल तेव्हा ते उत्तम फुलते. दिवस त्याहून बराच लहान असेल तर जमिनीलगत पानांचा गुच्छ करून बसून राहते. इंदुरात डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा असतो. तेरा तासांचा टप्पा मेच्या सुरुवातीला ओलांडला जातो, २१ जूनच्या सुमारास दिवस साडेतेरा तासांच्या आसपास पोचतो, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेरा तासांखाली उतरतो. सेंट लुईसला मात्र जूनमध्ये दिवस पंधरा तासांच्या जवळ जातो. म्हणजे आपल्याकडे या झाडाला हवा तसा दिवस जेमतेम तीन-सव्वातीन महिने मिळतो, आणि ते महिने म्हणजे निम्मा कडक उन्हाळा व निम्मा मुसळधार पाऊस. हिवाळाभर तुमची झाडे आजारी नव्हती किंवा उपाशीही नव्हती. ती वाट पाहत होती.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी एका कुंडीने दाखवले. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एकाच ट्रेमधली सहा रोपे सहा कुंड्यांत लावली होती. त्यातली एक कुंडी सोयीसाठी ओसरीच्या पायरीवर ठेवली होती, जिथला दिवा आमच्याकडे रात्री नऊपर्यंत चालू असतो. त्या एका झाडाने मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दांडा वर काढला. बाकीची पाच एप्रिल संपेपर्यंत हलली नाहीत. माती तीच, खत तेच, पाणी तेच. दिव्यामुळे त्या झाडाचा दिवस चौदा तासांचा झाला होता, एवढाच फरक होता. परदेशातले फुलउत्पादक हिवाळ्यात असे दिवे लावून मुद्दाम फुले काढतात. तुम्हाला मार्चमध्येच फुले हवी असतील तर जानेवारीच्या शेवटापासून एखादा साधा एलईडी दिवा संध्याकाळी नऊपर्यंत वाफ्यावर सोडून पाहायला हरकत नाही. वीज फार जात नाही, आणि मार्चमधले फूल मेमधल्या फुलापेक्षा आकाराने मोठे आणि रंगाने गडद येते, कारण बेचाळीस अंशांच्या उन्हात पाकळ्यांचा जांभळा-गुलाबी रंग टिकत नाही. तुमची चार फुले फिकट आली ती याच कारणाने.

डीएपी आणि पेंड दिल्याने फूल लवकर येण्याचा प्रश्नच नव्हता. जास्तीच्या नत्राने पाने मऊ आणि लुसलुशीत झाली, दांडे लांब आणि कमकुवत झाले, आणि पावसाळ्यात कुजीला तोंड देण्याची ताकद उलट कमी झाली. कोनफ्लॉवरला वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, झाडामागे दोन ओंजळी जुने कुजलेले खत पुरते. त्याहून अधिक मी कधीही देत नाही.

आता मरण्याच्या कारणाकडे येते. काळ्या चिकण मातीत खड्डा घेऊन त्यात कोकोपीट भरणे म्हणजे जमिनीत हौद बांधण्यासारखे आहे. आजूबाजूची माती पाणी हळूहळू मुरू देते, पण खड्ड्यातले भुसभुशीत मिश्रण ते झटकन आत घेते. त्यामुळे सगळ्या वाफ्याचे पाणी नेमके झाडाच्या मुळांशी येऊन थांबते. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते, आणि तळाच्या चिकण मातीतून ते बाहेर जात नाही. तुम्ही इतक्या काळजीने केलेले खड्डेच झाडांवर उलटले, हे लिहिताना मला वाईट वाटते, पण रोपवाटिकांतून सर्रास हाच सल्ला मिळतो आणि तो कुंडीतल्या झाडांसाठी दिलेला सल्ला असतो.

मेलेले झाड उपटून टाकण्याआधी एकदा नीट पाहा. माझ्याकडे अशी झाडे जुलैत दुपारी मान टाकायची, संध्याकाळी थोडी सावरायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कायमची बसायची. माती ओलीचिंब असताना पाने कोमेजलेली दिसली की समजावे, मुळे पाणी घेऊ शकत नाहीत. अशा वेळी घरातले कोणी तरी दयेने आणखी एक तांब्या पाणी घालते आणि उरलेसुरले मूळही जाते. झाड हलकेच ओढले की पानांचा गड्डा हातात येतो आणि मुळे जमिनीतच राहतात. एक मूळ दोन बोटांत धरून ओढले तर वरची तपकिरी साल बाहीसारखी निघून येते आणि आत फक्त पांढरट दोरा उरतो, त्याला शिळ्या पाण्याचा वास असतो. जिवंत मूळ पांढरे-पिवळसर आणि कडक असते, आणि मोडताना कट्ट वाजते. तुमच्या आठ झाडांपैकी एकाचे तरी मूळ अजून मातीत सापडेल. ते पाहिल्यावर माझ्या निदानावर तुम्हाला विश्वास ठेवावा लागणार नाही, ते स्वतःच दिसेल.

निचरा तपासण्याची रीत सोपी आहे. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार-पाच तासांत गेले तर जागा चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसले तर तेथे जमिनीत कोनफ्लॉवर लावू नका. मात्र ही चाचणी मे महिन्यात कधीही करू नका. उन्हाळ्यात आपल्या मातीला हातभर भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून बघता बघता नाहीसे होते. आपल्याला वाटते निचरा उत्तम आहे. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि तोच खड्डा तळे होतो. मी स्वतः याला फसले आहे. सध्या पावसाची उघडीप असेल तर हीच चाचणीची योग्य वेळ आहे.

चाचणी वाईट निघाली, आणि राजेंद्र नगरच्या बाजूला ती वाईट निघण्याची शक्यता बरीच आहे, तर उपाय एकच: वाफा जमिनीच्या वर उचला. खाली खणत बसू नका. मूळ मातीचा वरचा थर फावड्याने थोडा सैल करा, त्याला एका बाजूला उतार द्या आणि उताराच्या टोकाला वीतभर चर काढा. त्यावर फूटभर उंचीचा वाफा रचा. मी दोन भाग चाळलेला बारीक मुरूम, एक भाग बागेतलीच काळी माती आणि एक भाग जुने कंपोस्ट असे प्रमाण ठेवते. काही जण नर्मदेची रेती मिसळायला सांगतात. थोडी रेती चिकण मातीत मिसळली की ती विटेसारखी घट्ट होते. रेतीचा उपयोग व्हायला तिचे प्रमाण निम्म्याहून अधिक असावे लागते, आणि तेवढी रेती महाग पडते. मुरूम स्वस्त आहे, त्यातले खडे मातीला मोकळे ठेवतात आणि तो आपल्याच खडकाचा आहे. कडेला विटा लावणार असाल तर खालच्या रांगेत दर दोन विटांनंतर बोटभर फट सोडा, नाहीतर वरही हौदच होईल. वाफ्याची रुंदी चार फुटांहून अधिक ठेवू नका, कारण मधली झाडे निगुतीने पाहायची तर आत पाय द्यावा लागतो आणि पायाने माती पुन्हा दबते.

कंपोस्टचा विषय निघाला म्हणून सांगते की जगभर ज्याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती याच शहरात बसवली गेली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली येथे आले, आणि आज जेथे कृषी महाविद्यालय आहे त्या आवारातल्या संस्थेत त्यांनी सहकारी यशवंत वाड यांच्यासह काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग तीनदा उलटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत घालून दिली. माझे खत अजूनही त्याच रीतीने होते, फक्त शेण कमी आणि वाळलेली पाने जास्त. या झाडासाठी ते बरेच, कारण त्यात नत्र बेताचे असते आणि चिकण मातीचे कण सुटे करण्याचे काम मात्र पुरेपूर होते.

इथवरचे एकत्र सांगायचे तर: हिवाळ्यात फूल न येणे हे या झाडाला स्वाभाविक आहे, त्यावर खत हा उपाय नाही, आणि पावसाळ्यात झाड जगवायचे असेल तर मुळे जमिनीच्या पातळीच्या वर असायला हवीत. ऊन, पेरणी, पाणी हे सगळे त्यानंतर येते.

उन्हाविषयी. ‘भरपूर ऊन’ याचा अर्थ पाकीट लिहिणाऱ्याच्या देशातले ऊन असा आहे. आपल्याकडे सकाळपासून दुपारी एकपर्यंतचे सहा-सात तास ऊन या झाडाला पुरते. नोव्हेंबर ते मार्च दिवसभर ऊन मिळाले तर उत्तमच, पण एप्रिल ते पाऊस लागेपर्यंत दुपारची तिरपी उन्हे अडवली तर फुले दुप्पट टिकतात. तुमची जागा दक्षिण-पश्चिमेची आहे, म्हणजे नेमकी दुपारची. पश्चिमेला आठ-दहा फुटांवर शेवगा लावला तर दोन वर्षांत विरळ सावली मिळेल, आणि विरळ जंगलाच्या कडेला वाढणाऱ्या या झाडाला तशी सावली मानवते. तोवर बांबूंवर तीस टक्के सावलीची हिरवी जाळी दुपारच्या बाजूने बांधा. घराच्या भिंतीपासून वाफा निदान तीन फूट दूर ठेवा, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडते. आपल्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती माळव्याच्या रात्रींची. शब-ए-माळवा म्हणून नावाजलेल्या या रात्री मे महिन्यातही निवतात, आणि दिवसा मान टाकलेले झाड पहाटेपर्यंत पुन्हा ताठ होते. वडोदऱ्याला माझ्या मावशीकडे हीच रोपे दिली होती, तेथे रात्रीच्या उकाड्याने ती बरीच खुरटली.

पुढच्या वेळी रोपे स्वतः बियांपासून करणार असाल तर पेरणी लवकर करावी असे मला वाटते. ऑक्टोबरात पेरलेल्या रोपांना मे महिन्यापर्यंत ताकद धरायला वेळ कमी पडतो. मी बिया ऑगस्टच्या सुरुवातीला ओलसर, पण पाणी न टपकणाऱ्या कोकोपीटमध्ये कालवून झाकणाच्या डबीत घालते आणि तीन-चार आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवते. पुरपुरियाच्या बियांना ही थंडी अनिवार्य नाही, पण ती दिली की बी एकसारखे उगवते, अर्धे आज आणि अर्धे महिन्याने असे होत नाही. ऑगस्टच्या अखेरीस ते ट्रेमध्ये पाव इंचापेक्षा कमी खोलीवर पेरावे आणि ट्रे पावसापासून आडोशाला, पण उजेडात ठेवावा. दहा ते वीस दिवसांत कोंब दिसतात. पहिली दोन पाने गुळगुळीत आणि गोलसर असतात. खरी पाने लांबट, खरखरीत आणि लवदार येतात, ती ओळखू आली की मगच विरळणी करा. चार-पाच खरी पाने झाली की ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पूर्ण थांबल्यावर, दीड फुटाच्या अंतरावर वाफ्यात लावा. लावताना पानांचा गड्डा मातीच्या पातळीला किंवा केसभर वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला तर बाकी सगळे बरोबर करूनही झाड कुजते.

पाणी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांतून एकदा द्यावे, पण दर वेळी वीतभर खोल जाईल इतके. रोज संध्याकाळी पाइपने शिंपडण्याची सवय या झाडासाठी सोडावी. बोअरचे पाणी जड असेल तर कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतील. आपली माती मुळातच थोडी अल्कधर्मी असल्याने झाडाला लोह मिळत नाही, त्याचे ते लक्षण आहे. अशा वेळी चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) पाण्यातून एकदा-दोनदा द्यावे. उन्हाळ्यात वाळलेल्या पानांचे दोन इंच आच्छादन घाला, मात्र पहिला पाऊस येण्याआधी ते गड्ड्याभोवतीचे वीतभर दूर सारा.

फुलांकडे एकदा जवळून पाहा, कारण त्यावरून तोडणीची वेळ कळते. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा मेळावा असतो. मधल्या शंकूवरची ती बारीक फुले बाहेरच्या कडेपासून आत, एकेका वर्तुळाने उमलत जातात, आणि परागांचे पिवळे कडे रोज थोडे थोडे वर सरकते. मधमाशी त्या कड्यावरूनच गोल फिरत जाते, मध्यावर क्वचितच बसते. कडे शेंड्यापर्यंत पोचले की फुलाचे काम झाले. नारिंगी टोकांचे ते काटे म्हणजे प्रत्येक बारीक फुलाजवळची ताठ छदे, म्हणजे पानासारखे छोटे खवले; त्यांच्यामुळेच या वंशाला साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याचे ग्रीक नाव मिळाले. फुलदाणीसाठी कडे अर्ध्यावर असताना दांडा कापावा.

येथे एक गोष्ट आपल्याकडेच उद्भवते, आणि परदेशी पुस्तकांत ती सापडणार नाही. तिकडे शंकू हिवाळाभर झाडावर ठेवा, पाखरे दाणे खातील, असा सल्ला असतो. आपल्याकडे दाणे पक्व होण्याची वेळ आणि पावसाची वेळ एकच पडते. झाडावर राहिलेला शंकू जूनअखेर स्पंजासारखा भिजतो, बुरशीने काळा पडतो, आणि ती बुरशी दांड्यातून खाली उतरते. म्हणून पहिल्या दमदार पावसाच्या आधी तपकिरी झालेले सगळे शंकू दांड्यासह कापून घरात कागदावर वाळवावेत. वाळल्यावर जाड हातमोजे घालून चोळले की फिकट रंगाचे चौकोनी टोकाचे दाणे सुटतात. तेच तुमचे पुढच्या वर्षीचे बियाणे.

जातींविषयी फार लिहीत नाही. पहिल्यांदा साधी पुरपुरिया किंवा ‘मॅग्नस’ घ्यावी. ही जात १९९८ साली अमेरिकेत वर्षातली बहुवर्षायू वनस्पती म्हणून निवडली गेली होती आणि तिच्या पाकळ्या खाली न लोंबता आडव्या राहतात. पिवळ्या-नारिंगी रंगांच्या संकरित जाती दिसायला मोहक आहेत, पण माझ्या वाफ्यात त्यांनी एकही पावसाळा धड काढलेला नाही, आणि त्यांच्या दाण्यांपासून आईसारखे फूल येत नाही. बियांपासून पहिल्याच वर्षी फुलणारी ‘चेयेन स्पिरिट’ मात्र ज्यांना रंगांची सरमिसळ चालते त्यांनी एकदा करून पाहावी.

रोगांपैकी एकच लक्षात ठेवा. पाकळ्या हिरव्या पडल्या, शंकूतून पानांचे झुबके निघू लागले, झाड वेडेवाकडे वाढले, तर ते फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजंतूचे लक्षण असू शकते. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. वांग्यावर आणि तिळावर येणारा पर्णगुच्छ रोग याच कुळातला आहे, त्यामुळे शेजारी वांग्याची वाफी असेल तर अधिक लक्ष ठेवा. औषध नाही, झाड मुळासकट काढून टाकावे आणि ते कंपोस्टमध्ये घालू नये. फेब्रुवारीतली भुरी आणि पावसाळ्यातल्या गोगलगाई त्रास देतात, पण झाड मारत नाहीत. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचणे हाच मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

एवढे सगळे करूनही माळव्यात कोनफ्लॉवर दहा वर्षे टिकेल असे मी सांगणार नाही. माझ्याकडे उंच वाफ्यातली झाडे दोन ते तीन पावसाळे काढतात, एकच झाड पाचव्या वर्षात आहे. म्हणून मी दर ऑगस्टला एक छोटा ट्रे पेरतेच, आणि जोमदार झालेले तीन वर्षांचे झाड ऑक्टोबरात दोन भागांत फोडून लावते. बाराही महिने रंग हवा असेल तर वाफ्याचा निम्मा भाग गलांड्याला द्या. तोही त्याच खंडातला आहे, आपल्या उन्हाला मुळीच बिचकत नाही, आणि कोनफ्लॉवर पानांवर बसलेला असतो त्या महिन्यांत जागा सांभाळतो. सहा फुटांच्या रुंदीतून मध्ये दोन फुटांची वाट सोडली तर दोन्ही बाजूंनी हात पोचेल.

शेवटी तुमच्या त्या नवव्या, अजून जिवंत असलेल्या झाडाविषयी. ते आत्ता उपटून दुसरीकडे लावू नका. जुलैत हललेले झाड बहुतेक जाते. गड्ड्याभोवतीचे कोकोपीट बोटांनी दोन इंच खरवडून काढा आणि तेथे बारीक मुरूम किंवा खडी भरा. खड्ड्याच्या कडेपासून उताराच्या दिशेने फूटभर खोल चर खणा, म्हणजे साचलेल्या पाण्याला वाट मिळेल. फुलांचा दांडा असेल तर तळाशी कापून टाका, पिवळी पाने काढा, आणि खत, पाणी, औषध काहीही देऊ नका. जोराची झड असेल त्या दिवसांत चार विटांवर काचेचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा वर ठेवा, बाजू मोकळ्या राहू द्या. ते ऑगस्ट पार करून गेले तर सप्टेंबरअखेर गड्ड्याच्या बाजूने बोटभर नवे कोंब येतील. ऑक्टोबरच्या मध्यावर मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट ते उचलून नव्या वाफ्यात सगळ्यात उंच जागी लावा.